प्रेरणा कुठून येते म्हणे!

ताळेबंद जुळवताना तुला आतून काय वाटतं, असं अकाउंटंटला मुलाखतीत कुणी विचारत नाही. आम्हा डिझायनर मंडळींना मात्र हमखास विचारतात. 'व्हॉट मोटिव्हेट्स यू?' आलं की डोक्याचा कोरा आर्टबोर्ड होतो आणि तोंडातून नको ते बाहेर पडतं.

'लहानपणापासून चित्रकलेची आवड' हे त्यातलं पहिलं. एलिमेंटरी-इंटरमीजिएट देऊन झालेलं पोर महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडतं, त्यातून तुमचं काय कळणार? दुसरं, 'निसर्ग'. हे बोलून होतं न होतं तोच समोरचा पोर्टफोलिओचं पुढचं पान उलटतो आणि तिथे कुकरचा दिवाळी सेल असतो. 'पॅशन' तर काढूच नका. पॅशनवाल्याला पगार कमी चालतो, असा एक समज आहे.

खरं म्हणजे समोरच्याला तुमच्या प्रेरणेशी काही घेणंदेणं नसतं. हा सहा महिन्यांत पळेल का, क्लाएंटने सातव्यांदा 'लोगो जरा मोठा करा' म्हटल्यावर रुसून बसेल का, एवढीच त्याला धास्ती. म्हणून उत्तरात आवड सांगू नये, खटकणारी एक गोष्ट सांगावी. दीड मिनिटात.

माझ्या मते मराठीत काम करणाऱ्याला अशा गोष्टींची ददात नाही. पर्यटनाच्या पोस्टरवर 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहायचं असतं आणि छापून येतं 'सह्याद्रीच्या दर्या'. टायपिंगमध्ये अर्धा ऱ चुकला की डोंगरावर थेट समुद्र! पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही, तर अक्षराआधी यायची पहिली वेलांटी अक्षरानंतर उगवते. पाकळीचा ल आणि देठाचा श ही या अक्षरांची मराठी वळणं, ती राज्य सरकारने 2009 मध्येच प्रमाण ठरवली, तरी बरेच फॉण्ट आपणहून हिंदी वळणाचेच देतात. फॉण्टात सोय असली तर मजकुराची भाषा 'मराठी' निवडताच ते बदलतात. नसली तर फॉण्टच बदलावा लागतो.

हे सांगून लगेच जोडायचं, 'म्हणून छपाईला फाइल जाण्याआधी मी प्रिंट काढून वाचतो.' इथे थांबायचं. पुढे कलेची व्याख्या वगैरे सुरू केली, तर पॅनेलमधला एकजण मोबाइल बघू लागतो.

पोर्टफोलिओत दहा-बारा कामं पुरेत. त्यातलं एक याच खटक्यातून सुधारलेलं असावं, आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी. नाहीतर उत्तर हवेत राहतं. घराच्या हप्त्याचा विषय आपण काढायचा नाही. टेबलापलीकडचेही हप्त्यासाठीच बसलेले असतात, पण ते विचारणारे आहेत.

उत्तर जमलं की एक नवीनच धोका. समोरचा खुर्ची पुढे ओढून म्हणतो, "आमच्या लोगोतला श बघता का जरा?" बघावा. 'देठ हवा' एवढंच म्हणावं. लॅपटॉप उघडू नये. उघडला की ते फुकटचं काम.