केंट स्टेटला पाच स्टारची पोरं नकोतच

ईए स्पोर्ट्सच्या कॉलेज फुटबॉल गेमबद्दल अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर जे काही बोलणं होतं ते ‘ओहायो स्टेट घेतली, नॅशनल चॅम्पियन झालो’ एवढ्यावर संपतं. झालात, अभिनंदन. त्यात तुमचं कर्तृत्व किती आणि ओहायो स्टेटचं किती ते तुमचं तुम्ही बघा. मला बोलायचंय तिथून दोन तासांवर असलेल्या केंट स्टेटबद्दल.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. गेममध्ये डायनॅस्टी म्हणून एक मोड आहे, त्यात तुम्ही कॉलेजचे कोच होता. सामने खेळायचेच, पण खरी मारामारी रिक्रूटिंगची. देशभरातल्या हायस्कूलच्या पोरांना एक ते पाच स्टार दिलेले असतात. तुमच्या बोर्डवर एका वेळी ३५ नावं बसतात आणि दर आठवड्याला त्यांच्यावर खर्च करायला ठरावीक तास मिळतात. मोठ्या कॉलेजला तास जास्त, छोट्याला कमी. म्हणजे गरिबाच्या खिशात पैसे कमी आणि दुकान मात्र तेच, श्रीमंताचं.

केंट स्टेट किती गरीब? २०२३ च्या सीझनमध्ये १२ पैकी एक सामना जिंकले. २०२४ मध्ये तोही नाही, ०–१२. गेममध्येही त्यांचं रेटिंग तळाशीच असतं.

आता नवखा माणूस अशी टीम घेतो आणि पहिल्याच दिवशी काय करतो? यादी स्टारप्रमाणे लावतो, वरचा चार-पाच स्टारचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) उचलतो आणि दर आठवड्याला त्याच्यावर ५० तासांचं ‘सेंड द हाउस’ (पोराला पटवायचा एक महागडा डाव) ओतत बसतो. पोरगा ऑक्टोबरपर्यंत झुलवतो आणि मग अलाबामासारख्या बड्या कॉलेजला जातो. तोवर जी तीन स्टारची पोरं खरंच आली असती ती टोलेडो आणि ओहायो युनिव्हर्सिटी (ही ओहायो स्टेट नव्हे) अशा केंटच्या तोलाच्या कॉलेजांनी नेलेली असतात. तेलही गेलं, तूपही गेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. कमकुवत टीमने आधी स्वतःकडे द्यायला काय आहे ते बघावं. गेममध्ये प्रत्येक कॉलेजला चौदा गोष्टींवर ग्रेड असते: स्टेडियमचं वातावरण, परंपरा, कॉन्फरन्सची (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) प्रतिष्ठा, सुविधा, टीव्हीवर दिसणं वगैरे. केंटच्या यातल्या बहुतेक ग्रेड बघवत नाहीत. पण दोन गोष्टी प्रत्येक पोरागणिक बदलतात आणि तिथेच आपली दाळ शिजते. एक, खेळायला किती मिळेल. दुसरी, घर किती जवळ आहे.

खेळायला मिळण्याची ग्रेड पोझिशनप्रमाणे ठरते. तुमचे दोन्ही सेफ्टी (बचावाच्या शेवटच्या फळीतले) शेवटच्या वर्षाला असतील तर येणाऱ्या सेफ्टीला तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता की पुढच्या वर्षी मैदानावर तू. ओहायो स्टेट हे सांगू शकत नाही, त्यांच्याकडे त्याच जागेसाठी चार जण रांगेत उभे असतात. म्हणून सीझन सुरू होण्याआधी मी पहिल्यांदा स्वतःचा रोस्टर उघडतो, कोण जाणार ते बघतो आणि मगच बाहेर कोण आहे ते शोधतो. त्यातही ज्यांच्या पसंतीच्या यादीत केंटचं नाव आधीपासून आहे ती पोरं आधी घ्यायची. ती फुकटची आघाडी आहे.

इथे एक खोच आहे आणि ती फार लोक लक्षात घेत नाहीत. प्रत्येक पोराची एक ‘डीलब्रेकर’ अट असते. ती मोडली की पोरगा वर्षअखेरीला ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची सोय) चालता होतो. ज्याची अट ‘खेळायला मिळालं पाहिजे’ अशी आहे तो जितक्या पटकन येतो तितक्याच पटकन जातो. त्याच पोझिशनला तुम्ही पुढच्या वर्षी अजून दोन चांगली पोरं आणलीत की तो बॅग भरतो. याउलट ज्याची अट घराजवळ राहण्याची आहे त्याचं घर काही हलत नाही. केंटशेजारच्या अ‍ॅक्रनचा पोरगा केंटला चारही वर्षं अ‍ॅक्रनचाच असतो. त्यामुळे दोन सारख्या पोरांत निवड करायची झाली तर मी डोळे झाकून घराजवळवाला घेतो, एक-दोन पॉइंटने कमी असला तरी.

दुसरा मुद्दा पोझिशनचा, आणि इथे मला गेमपेक्षा केंटचा खरा इतिहास जास्त शिकवून गेला. जॅक लॅम्बर्ट हे नाव पिट्सबर्गवाल्यांना सांगायला नको. तिथल्या व्यावसायिक (एनएफएल) टीमच्या, म्हणजे स्टीलर्सच्या सत्तरच्या दशकातल्या बचावाचा कणा. हा माणूस केंटजवळच्याच मॅन्टुआ गावचा, हायस्कूलला क्वार्टरबॅक. केंटने त्याला बचावात नेलं आणि त्याचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) झाला. १९७२ मध्ये केंटने मिड-अमेरिकन कॉन्फरन्स जिंकली तेव्हा तो टीममध्ये होता. (निक सेबनही त्याच टीमचा. हो, अलाबामाचे गाजलेले माजी कोच, तेच सेबन.) जॉश क्रिब्ज केंटमध्ये क्वार्टरबॅक होता, एनएफएलच्या क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये तो किक परत आणणारा खेळाडू म्हणून गाजला. ज्युलियन एडलमन केंटमध्ये क्वार्टरबॅक, २००९ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात तो) सातव्या फेरीत गेला, पॅट्रियट्सनी त्याला रिसीव्हर (पास झेलणारा) केलं आणि पुढे तो सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला.

एकाच छोट्या कॉलेजातून तीन क्वार्टरबॅक, आणि तिघांचं नाव झालं ते दुसऱ्याच जागेवर. गेममध्येही हेच करता येतं. सीझन संपल्यावर पोझिशन बदलायची सोय आहे. म्हणून दोन-तीन स्टारचा, हात यथातथा पण पाय पळणारे असा क्वार्टरबॅक दिसला की मी त्याला सोडत नाही. क्वार्टरबॅक म्हणून त्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे स्पर्धा कमी. आणून रिसीव्हर करा, सेफ्टी करा. पोझिशनच्या जागी नुसतं ‘अ‍ॅथलीट’ लिहिलेल्यांचंही तसंच. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा वेग आणि उंची बघा.

स्टारवर फार विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खलील मॅक बफेलोला गेला, म्हणजे केंटच्याच कॉन्फरन्समध्ये. ईएच्या जुन्या एनसीएए फुटबॉल गेमने त्याला रेटिंग दिलं होतं ४६. पठ्ठ्याने तोच ४६ नंबर जर्सीवर घालून कॉलेज काढलं आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला. गेम बनवणाऱ्यांनाच त्याने असं उत्तर दिलेलं असताना आपण गेममधल्या स्टारला देव का मानायचं?

आता तासांबद्दल, कारण भांडणं इथेच होतात. एक मत असं की ३५ जणांना थोडे थोडे तास वाटा, कुणीतरी गळाला लागेल. मला हे पटत नाही. कमी तास असलेल्या टीमने ते पस्तीस जणांत वाटले तर कुणाच्याच यादीत आपण वर सरकत नाही. स्कॉलरशिपची ऑफर स्वस्त आहे, ती खुशाल सगळ्यांना द्या. पण तास दहा-बारा जणांवरच लावा. एक जण गेला की त्याचे तास त्याच आठवड्यात दुसऱ्यावर, हळहळत बसायचं नाही.

‘हार्ड सेल’ (पोराला काय हवंय ते ओळखून त्यावरच आपलं कॉलेज गळी उतरवणं) मोठ्या टीमला फायद्याचं, कारण ते तुमच्या ग्रेडवर चालतं. पोराला स्टेडियमचं वातावरण हवंय हे बरोबर ओळखलंत, पण तुमची तिथली ग्रेडच रडकी असेल तर ओळखून उपयोग काय? ‘सेंड द हाउस’ महाग आहे, पण ते तुमची ग्रेड विचारत नाही. म्हणजे वर मी ज्याला नावं ठेवली तेच अस्त्र, फक्त आवाक्यातल्या पोरावर वापरायचं. आणि कॅम्पस भेटीला बोलवायचं ते जिंकण्याची खात्री असलेल्या घरच्या सामन्याला. जॉर्जियासारख्या दादा टीमविरुद्ध पोरांना बाकावर बसवून आपली पन्नास पॉइंटने धुलाई दाखवणारे कोच मी पाहिलेत. हात दाखवून अवलक्षण.

एवढं करूनही तुमचा सगळ्यात चांगला पोरगा दोन वर्षांनी कुणीतरी मोठा नेणारच. खऱ्या केंटचंही तेच होतं. त्याचा राग न धरता त्याच पोर्टलमध्ये जा आणि मोठ्या टीमच्या बाकावर कुजलेली पोरं बघा. तिसऱ्या वर्षाचा, एकही सामना सुरुवातीपासून न खेळलेला लाइनमन (अगदी पुढच्या फळीतला धिप्पाड गडी) हायस्कूलच्या कोवळ्या पोरापेक्षा त्याच दिवशी उपयोगी पडतो. लाइन मी जवळपास पोर्टलमधूनच भरतो, हायस्कूलमधून वाट बघत बसायला आपल्याकडे तेवढी वर्षं नसतात.

आमच्या ऑनलाइन डायनॅस्टीत एक जागा रिकामी झालीय, ज्याने सोडली तो पेनसिल्व्हेनियाला बदली होऊन गेला. क्लीव्हलँड-कोलंबसवाल्यांनी इनबॉक्स करा. अ‍ॅक्रन, बॉल स्टेट किंवा यूमास मिळेल. ओहायो स्टेट मागणाऱ्याला उत्तर दिलं जाणार नाही.