कृपया पुसू नका

जुन्या, गंजक्या, पोपडे सुटलेल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्याला पावसाची भीती नसते, उन्हाची नसते, संपत आलेल्या बॅटरीचीही नसते. भीती असते ती टापटिपीच्या सज्जन माणसांची. वाघाचे फोटो काढणाऱ्याला निदान एवढी खात्री असते, की ऐन वेळी कोणी येऊन वाघाला ओल्या फडक्यानं पुसणार नाही. मला तेवढीही नाही. मी जमिनीवर बसून एखाद्या बिजागरीवर फोकस जुळवत असतो आणि मागून कनवाळू आवाज येतो, "थांबा, जरा पुसून देते."

आता यांना कसं सांगायचं, की पुसायचं नाही म्हणूनच तर मी आलोय! गंज काही दुकानात मिळत नाही. त्याला लोखंड लागतं, ओल लागते, हवा लागते आणि मुख्य म्हणजे कोणाचंही लक्ष नसावं लागतं. लाकडाचंही तेच. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, फोडत बसतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे ती रुपेरी राखाडी कांती उरते. निसर्गाचं हे वर्षानुवर्षांचं काम एक हौशी माणूस पॉलिश पेपर घेऊन अर्ध्या तासात निकालात काढतो आणि वर म्हणतो, "बघा, कसं नवं झालं!"

या स्वच्छताप्रेमातून अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही थोडक्यात वाचला. 1886 मध्ये उभा राहिला तेव्हा तो तांब्याच्या रंगाचा होता. पुढे हळूहळू हिरवा पडत गेला. 1906 मध्ये सरकारला वाटलं, की हे काही बरं दिसत नाही, रंग मारून घेऊ. लोकांनी आरडाओरडा केला आणि प्रकरण आतल्या बाजूच्या रंगकामावर निभावलं. तो हिरवा थर खालच्या तांब्याचं रक्षणच करतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या बाईंवर ही वेळ आली, तिथं आमच्या शेजारच्या काकांच्या फाटकाची काय कथा?

ते फाटक म्हणजे खजिना होता. वरचा रंग हिरवा. त्याचे पोपडे उचलले होते तिथून आधीच्या कधीतरीचा आकाशी डोकावायचा, त्याच्याखाली तांबडा प्रायमर आणि मधोमध गंजाचा भला मोठा डाग, कडेला नारिंगी, आत जाता जाता काळपट. कडीपाशी मात्र रोजचा हात लागून लागून लोखंड उघडं आणि गुळगुळीत झालेलं. (तांबड्या प्रायमरची एक गंमत आहे. गंज चढू नये म्हणून तो मारतात, पण त्याला तांबडा रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. म्हणजे चोराच्या भावालाच राखणीला बसवलेलं!)

असल्या पृष्ठभागाला कडेनं येणारा प्रकाश लागतो. ऊन तिरपं असलं की प्रत्येक पोपड्याची सावली पडते आणि फाटक जिवंत होतं. डोक्यावर आलं की सगळं सपाट. म्हणजे उजाडता उजाडता जायचं. त्यात लेन्स इतकी जवळ न्यावी लागते, की नीट स्पष्ट दिसेल अशी पट्टी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची मिळते. श्वास सोडला की फोकस कडीवरून मागच्या कोळ्यावर. श्वास धरला की गुडघा कुरकुरतो. सगळं जमून आलं, की आपल्याच डोक्याची सावली चौकटीत येऊन बसते.

अशा अवस्थेत काकांनी मला पाहिलं. पहाटे, ट्रायपॉडसकट, त्यांच्या फाटकासमोर ओणवा.

"काय रे, मोजणी वगैरे आहे का?"

"नाही काका, फोटो काढतोय. फाटकाचा."

"तक्रार करायचीय कोणाला?"

"छे हो! सुंदर आहे म्हणून."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. नुसतीच टर उडवली असती तर परवडलं असतं. पण त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी उरलेली बाजू टिपायला गेलो, तर फाटक चंदेरी रंगात न्हाऊन निघालेलं आणि काका हातात ब्रश घेऊन, प्रसन्न. म्हणाले, "काल तू बोलला नाहीस, पण मी समजलो. आता काढ हवे तेवढे!" मी काढले. त्यांच्यासकट काढले. त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

घरीही फार वेगळं नाही. "बाहेरच्या गंजासाठी पहाटे उठतोस आणि आपल्या गॅलरीचे गज आतून खाल्ले गेलेत ते तुला दिसत नाहीत," असं बायको म्हणते. दिसतात, पण तिथं प्रकाश चांगला येत नाही.

अशा वेळी मी थोरामोठ्यांचे दाखले देतो. आयर्विंग पेन या छायाचित्रकारानं रस्त्यावरची चिरडलेली सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून त्यांचे फोटो काढले, ते प्लॅटिनम प्रिंट या महागड्या छपाईत छापले आणि 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. त्याच्या कितीतरी आधी, 1925 मध्ये, एडवर्ड वेस्टननं मेक्सिकोतल्या आपल्या घरातलं संडासाचं भांडं मन लावून टिपलं. "आणि तोवर घरातल्या बाकीच्यांनी काय केलं?" बायकोनं विचारलं. कलेच्या इतिहासाकडे असं कोणी बघू नये, पण तेव्हापासून तो फोटो समोर आला की मलाही तेच आठवतं.

आत्याचं प्रकरण जरा नाजूक आहे. "कुलपांचे काढतोस, माझा काढ की एक," म्हणाली. मी तिला खिडकीशी बसवलं. सवयीनं प्रकाश कडेनं घेतला. फोटो अप्रतिम आला. कपाळावरची रेघन् रेघ, डोळ्यांच्या कडेचं जाळं, सगळं लख्ख. आत्यानं स्क्रीनवर बोटांनी मोठं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मला कुलूप समजून काढलायस का रे?" काळानं कोरलेलं सौंदर्य वगैरे मी बोलायला लागलो, तर म्हणाली, "ते तुझ्या बिजागऱ्यांना सांग. माझा समोरून काढ आणि जरा लांबून."

माझी स्वतःची उपकरणं मात्र हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांत असतात. आत आर्द्रतामापक असतो आणि काटा पन्नाशीच्या वर सरकला, की माझा जीव वर-खाली होतो. फोटोग्राफरला गंजाचं कौतुक असेल, ओल आलेल्या भिंतीचं असेल, शेवाळाचं असेल. पण लेन्समधली बुरशी ही शत्रूवरही येऊ नये अशी गोष्ट. तिच्यातून निघणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. वेळीच साफ केली नाही, तर बुरशी जाते पण खूण राहते.

परवा माझी सगळ्यात लाडकी लेन्स टॉर्चसमोर धरली आणि पोटात गोळा आला. आतल्या काचेच्या कडेपासून मध्याकडे बारीक पांढरे तंतू पसरलेले, त्यांना फाटे, फाट्यांना आणखी फाटे. मी मटकन खाली बसलो. बायको आली, माझ्या हातातून लेन्स घेतली, टॉर्च जरा तिरपा केला आणि मनापासून म्हणाली, "अगं बाई, किती नाजूक जाळी आहे रे! आणि कडेनं प्रकाश दिला की अजूनच छान दिसतेय. पुसू नकोस हं. आधी फोटो काढ."