'तीन कॉर्डचं रडगाणं': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्लूजवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) म्हणजे तीन कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर) रडगाणं, त्यात एकच ओळ दोनदा; घरात भैरवी असताना मला हे कौतुक सुचतं कसं; आणि ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची सैतानाची गोष्ट मी खरी म्हणून खपवली.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी. चौफुलीवर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याचा भाऊ सांगायचा. रॉबर्टने मिसिसिपीतल्या हेझलहर्स्टच्या परिसरात आइक झिमरमन या गिटारवादकापाशी हात घासला, तोही रात्री कबरस्तानात बसून. (खरी हकिगतही काही कमी नाही!) लेख दुरुस्त केलाय.

ओळ दोनदा येते, कबूल. पण बडा ख्याल ऐकताना मुखडा कितीदा आला हे आपण मोजतो का? ब्लूजमध्ये पहिल्यांदा ओळ षड्जाच्या कॉर्डवर सुरू होते, दुसऱ्यांदा तीच ओळ येते तेव्हा खाली मध्यमाची कॉर्ड आलेली असते. शब्द तेच, पायाखालची जमीन सरकलेली.

आणि ब्लूजमधला तो गंधार! एका दुपारी बाबांच्या पेटीवर मी तो शोधत बसलो होतो. कोमल दाबावा तर गाणारा त्याच्या जरा वर, शुद्ध दाबावा तर जरा खाली. अर्धा तास हा छळ सोसून बाबा आतून ओरडले, "अरे, तो दोन पट्ट्यांच्या फटीत आहे, पेटीवर काय मिळणार!" मी ब्लूजला लागलो तो त्या दुपारपासून.

रडगाणं म्हणाल, तर जॉन ली हूकरचं १९४८ चं 'बूगी चिलन' ऐका. एक गिटार, पायाचा ठेका आणि कॉर्ड जेमतेम एक. तीनसुद्धा नाहीत! बसल्या जागी मान हलली नाही तर सांगा.

राहिली भैरवी. १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो'. ती संपली की लगेच अमेरिकन गायक-गिटारवादक ब्लाइंड विली जॉन्सन येतो. १९२७ चं ध्वनिमुद्रण. शब्द नाहीत, नुसते हुंकार आणि त्यांच्या मागोमाग मींड घेत जाणारी गिटार. (काटेकोर बोलायचं तर ते भजन, पण घडण ब्लूजची.) दोन्ही याच क्रमाने, मध्ये न थांबता ऐका आणि मग पुन्हा भांडायला या.