'वेळ ठीक साडेदहा' आणि इतर सूचना

ज्यांना विद्यापीठ सोडून पस्तीस वर्षं झाली, पोटं सुटली, केस गेले, अशा मंडळींना एकत्र बोलवावं आणि चालू प्रश्नांवर चार जाणत्यांचं ऐकवावं, असं तुमच्या मनात घोळत असेल तर उशीर करू नका. माजी विद्यार्थ्यांची व्याख्यानमाला ही आज काळाची गरज आहे. (हे वाक्य प्रास्ताविकात लागतं. लिहून ठेवा.) गेल्या रविवारी अशाच एका मालेचं पहिलं पुष्प गुंफलं जात असताना मी चौथ्या रांगेत बसून होतो. तेव्हापासून डोकं ठणकतंय. जे शिकलो ते सांगून टाकतो, तुमच्या कामी येईल.

आधी विषय. तो ज्वलंतच हवा, आणि नावात 'दशा आणि दिशा' किंवा 'आव्हाने आणि संधी' यांपैकी एक जोडी आलीच पाहिजे. आमचा होता 'मराठवाड्याचे पाणी : दशा आणि दिशा'. हे बरं असतं. टँकर चालू असोत की सोयाबीन पाण्याखाली असो, तेच बॅनर पुन्हा टांगता येतं.

पत्रिकेवर वेळ 'ठीक साडेदहा' छापावी. 'ठीक' छापलं की बाराला सुरू करता येतं. मी परभणीहून पहाटेची एसटी धरून सव्वादहाला दारात हजर. आत एक पोरगा खुर्च्यांना पांढरी कव्हरं चढवत होता. "बसा ना सर, साहेब निघालेत." साहेब कुठून निघालेत, हे विचारायचं नसतं.

वक्त्याचं नाव पत्रिकेत चष्मा पुसून शोधावं लागेल इतक्या बारीक टाइपात असू द्यावं.

व्यासपीठावर सतरा खुर्च्या मांडाव्यात. सोळा मान्यवरांना, एक वक्त्याला, तीही कडेची. विषय पाण्याचा असेल तर प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची बाटली ठेवावी. सगळ्यांनी दोन घोट घेऊन ती तशीच सोडावी. मी मोजल्या. सतराच्या सतरा अर्ध्या.

समई पंख्याखालीच ठेवावी. वात विझते, पुन्हा लावतात, पुन्हा विझते, 'पंखा बंद करा' म्हणून ओरडा होतो, कुणीतरी माइकचंच बटण दाबतो. यात दहा मिनिटं सहज जातात.

आता सत्कार. इथे अजिबात काटकसर नको. आधी व्यासपीठावरच्या सोळांचा. मग ज्यांनी त्या सोळांना शाली घातल्या त्यांचा. मग देणगीदार. मग देणगीदारांनी पाठवलेले प्रतिनिधी. मग बॅचप्रमाणे 'ज्येष्ठ माजी विद्यार्थी', 'यशस्वी माजी विद्यार्थी' आणि 'नुकतीच बढती मिळालेले माजी विद्यार्थी'. प्रत्येक वेळी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रत्येक वेळी फोटोवाला म्हणणार, "इकडे बघा सर, पुन्हा एकदा." एका गृहस्थांचा सत्कार दोनदा झाला. एकदा देणगीदार म्हणून, एकदा साडू आले नाहीत म्हणून साडूंच्या वतीने. तेही उठले! दोन्ही वेळा उठले, दोन्ही वेळा नमस्कार केला, दुसऱ्या वेळी दोन शब्दही बोलले, आणि ते दोन शब्द अकरा मिनिटं चालले. त्यात त्यांचं पुण्यातलं घर आलं, अमेरिकेतला मुलगा आला, आमच्या वेळी वसतिगृहातली आमटी किती पातळ होती ते आलं. पाणी तेवढं त्या आमटीतच आलं. बाराला सुरू झालेला कार्यक्रम, पावणेदोन वाजलेत, आणि सूत्रसंचालिका बाई चारोळी म्हणून पुढच्या मान्यवरांना मनोगतासाठी निमंत्रित करताहेत. मनोगत! आम्ही एसटीचं तिकीट काढून तुमचं मनोगत ऐकायला आलो होतो का हो?

असो. पुढची सूचना.

सभासद नोंदणीची पावतीपुस्तकं व्याख्यान चालू असतानाच फिरवावीत.

नकाशाला जागा ठेवू नये. आमचे वक्ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. गोदावरी खोऱ्याचा कापडी नकाशा गुंडाळून काखेत घेऊन आले होते, कडा झिजलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. टांगायचा कुठे? मागे वीस फुटी बॅनर. नकाशा लावला तर देणगीदारांचे फोटो झाकले जातात. म्हणून तो दोन तास त्यांच्या मांडीवर आडवा राहिला. शाल घ्यायला उठताना तेवढा शेजारच्या साहेबांकडे द्यायचे.

दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांना माइक मिळाला. "वेळेचं भान ठेवून," असं सूत्रसंचालिका बाईंनी त्यांना सांगितलं. त्यांना! आणि त्या माणसाने खरंच भान ठेवलं. एक शेर नाही, एक विनोद नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण, ही जायकवाडी धरणाची दोन वाक्यं झाली आणि गडी थेट मुद्द्यावर आला. धरण भरलं तर १०२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी, त्यातलं उपयुक्त ७६ च्या घरात. वर नाशिक आणि नगरकडची धरणं. पाणीवाटपाचा २००५ चा कायदा. १५ ऑक्टोबरला खाली जायकवाडीत किती उपयुक्त साठा आहे ते बघायचं, खरिपाचा वापर धरून ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्यांनी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा वर केवढा गदारोळ झाला ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मागून घोषणा झाली : "जेवणाची व्यवस्था शेजारच्या मंडपात केलेली आहे."

ही घोषणा नेमकी अशाच वेळी करावी. मठ्ठा-जिलेबीपुढे टीएमसी टिकत नाही. तीन मिनिटांत मागच्या आठ रांगा मोकळ्या.

प्रश्न चिठ्ठीवर मागवावेत आणि चिठ्ठ्या संयोजकांच्या खिशात ठेवाव्यात. माझीही त्यात आहे. मी जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलचा माणूस. २०८ किलोमीटरचा कालवा, त्याच्या शेवटाला पाणी म्हणजे पाहुणा. आला तर आला. ६५ टक्क्यांची अट ५८ वर आणायची शिफारस झाली आहे. ती मान्य झाली तर आमच्याकडे किती कमी येणार, एवढंच विचारलं होतं. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, क्षमस्व." मग आभार. आभाराला वेळेचा अभाव नव्हता. चोवीस जणांचे मानले, मंडपवाल्यासकट.

दुसऱ्या दिवशी बातमी द्यावी : 'प्रश्नोत्तरांना उदंड प्रतिसाद'. आमची आली आहे. सोबतच्या फोटोत सोळाच्या सोळा दिसतात. वक्ते कडेला होते, ते कापले गेलेत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, पण ते पार्किंगमध्ये. अभियंता साहेब रिक्षाची वाट बघत उभे होते. मी विचारलं तसा त्यांनी एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि कालव्यावरून बोट फिरवत सांगितलं : ६५ टक्के म्हणजे उपयुक्त साठ्यातले पन्नास टीएमसीच्या आसपास. ५८ म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस. "पाचेक टीएमसीचा फरक. आणि तुटीच्या वर्षी पहिला फटका टेललाच बसतो, हे तुम्हाला मी काय सांगू." एवढ्यात गाडीचे मालक आले. खांद्यावर दोन शाली. "जरा उचलता का हे? गाडी काढायचीय."

दोन मिनिटं लागली या उत्तराला. सभागृहात दोनशे माणसं होती, त्यातले निम्मे शेतकऱ्यांच्या घरचे, त्यांना ही दोन मिनिटं देता आली नाहीत तुम्हाला? शिकलेली माणसं तुम्ही. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी ऐकावं, वाद घालावा म्हणून. तुम्ही कशासाठी सुरू केली? मिरवायचं असेल तर स्नेहसंमेलन घ्या, गाणी म्हणा, आम्ही येतो, टाळ्याही वाजवतो. पाण्याचं नाव कशाला घेता? अन् आपण श्रोते तरी काय दिवे लावतो? सोळाव्या सत्कारालाही टाळी वाजवली मी. वाजवली! शेजारचा वाजवतो म्हणून. एकानेही उठून 'आता पुरे करा, त्यांना बोलू द्या' म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं, लाज वाटते.

दुसरं पुष्प पुढच्या महिन्यात आहे, 'शेतमालाचे भाव : आव्हाने आणि संधी'. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे. उद्घाटक तेच, अध्यक्ष तेच. कमीत कमी एक करा : ते बॅनर दोन हात सरकवा आणि भिंतीत दोन खिळे ठोका. हातोडी मी परभणीहून आणतो.