ग्राइंडर नकोच: अंबाजोगाईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सुतारकामाची जुनी हत्यारं रॉकेलनं पुसत बसण्यापेक्षा ग्राइंडरला तारेचा ब्रश लावावा, दहा मिनिटांत सगळं चकाचक होतं, असं तुम्ही लिहिलंय. वेळ वाचतो, हे खरं. पण त्या दहा मिनिटांत जे जातं ते परत येत नाही, म्हणून मी एवढा हट्ट धरतो.

पटाशीवर, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीवर, बोट फिरवलं की लाल भुकटी लागते, तो गंज. तो काढायलाच हवा. त्याखाली जो गुळगुळीत काळपट थर असतो तो घाण नाही. पोलादाला घट्ट धरून बसलेला असतो आणि नवा गंज धरायला वेळ लावतो. तारेच्या ब्रशला हा फरक कळत नाही. बनवणाऱ्याचा शिक्का पुसट होतो, कडा गोल होतात, जुन्या लोखंडी रंध्यावरचं भट्टीत भाजून बसवलेलं काळं वार्निश उडून जातं. धार तापून निळी पडली, तर ती 300 अंशांच्या आसपास पोचली आणि तिचं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. अशी पटाशी बाभळीच्या गाठीपुढं टिकत नाही.

फरशीचं ॲसिड तर मुळीच नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, शिवाय वाफेनं शेजारची करवतही गंजते.

एक मात्र मान्य. पात्याची पाठ धारेजवळ घासून आरशासारखी करायलाच हवी. तिथं काळा थर ठेवून धार लागत नाही. बाकी अंगाला रॉकेल लावून रात्रभर राहू द्या, मग सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हातानं फिरवा. जाड पापुद्रा पितळेच्या पट्टीनं खरवडा. पितळ मऊ, पोलादावर ओरखडा उठत नाही.

शिसवी मुठीवर लाखेचं पॉलिश असू शकतं. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब लावा; चिकट झालं तर लाख आहे, तिथं पुन्हा स्पिरिट नको. लाकडी रंधा पाण्यात बुडवू नका, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर वाळवूच नका, तडकतो.

शेंगदाण्याचं तेल चालेल का, हेही विचारलंत. नाही. ते सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं. लाकडाला जवसाचं तेल पातळ लावा, उरलेलं लगेच पुसून घ्या. त्या चिंध्यांचा बोळा पत्र्याच्या शेडमध्ये टाकून ठेवू नका. जवसाचं तेल सुकताना आपोआप तापतं आणि ढीग पेट घेऊ शकतो. एकेक चिंधी मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.