ज्याला भाव नाही ते नालीत?

नाना सहज बोलून गेले, की स्कूटरचं ऑइल या वेळी घरीच बदललं आणि निघालेलं काळं ऑइल परसदारी चौकटीच्या बुडाशी ओतलं. वाळवीला उत्तम म्हणे. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर मग दुसरा विषयच निघाला नाही.

वहिनींनी लगेच विचारलं, “नाना, तुमचं बोरिंग तिथेच आहे ना?”

“अहो, लिटरभरसुद्धा नव्हतं.”

मला राहवेना. एक लिटर ऑइल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशोब आहे. इंजिनात फिरताना त्यात धातूचा चुरा, काजळी आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं उतरतात. नर्मदेचं पाणी तिच्या काठच्या जलूदहून उपसून आणायचं आणि आपल्या पायाखालचं आपणच नासवायचं, हे मला पटत नाही. नानांनी वाळवीवर दुसरं औषध बघायचं कबूल केलं, पण लगेच गॅरेजवाल्या भाऊंकडे बोट दाखवलं. “माझं वाटीभर. याच्याकडे रोज किती निघतं, ते विचारा!”

भाऊ उसळले. “भिया, ऑइल मी कशाला फेकू? ड्रम भरला की माणूस रोख पैसे मोजून नेतो.”

“आणि तो कुणाला विकतो?”

“कुणी भट्टीत जाळायला घेतं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला. पुढचं मी विचारत नाही.”

ते विचारायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मूळ तेल झिजून संपत नाही. त्यात घाण मिसळते आणि वरून घातलेली रसायनं संपतात. नीट शुद्ध केलं तर त्यातून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नवं ऑइल बनवायचं मूळ तेल, मिळतं. भट्टीत जाळलं तर तेही जातं आणि धातू धुरातून हवेत येतात. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते अधिकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्याची जबाबदारी आली आहे. भाऊंनी पुढच्या वेळी ड्रम देताना त्या माणसाकडे परवान्याचा कागद मागायचा, इतकं तरी ठरलं.

खरं भांडण पुढे झालं. वहिनी म्हणाल्या, “ऑइलला भाव आहे म्हणून ड्रम आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं काय करता?”

भाऊ जरा थांबले. “नालीत जातं. ब्रेक ऑइलपण. ते कोण घेणार?”

माझ्या मते गोम इथेच आहे. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल हे रसायन गोडसर असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. नालीतलं कान्ह नदीत जातं, कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. कान्हचं पाणी स्नानाच्या घाटांपासून वळवायला सरकार बंद नलिका बांधतंय आणि आपण इकडे ओततोय. बरं, ते ऑइलच्या ड्रममध्येही ओतून चालत नाही; कूलंट किंवा पेट्रोल मिसळलं की ऑइल शुद्ध करणं अवघड होतं. प्रत्येकाचा कॅन वेगळा हवा, घट्ट झाकणाचा.

“कॅन ठेवीन. भरल्यावर काय?”

घातक कचऱ्याची सोय पीथमपूरला आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५मध्ये तिथेच जाळला, तेव्हा या कट्ट्यावर सगळे तावातावाने बोलत होते. पण एकट्या गॅरेजवाल्याने पाच लिटरचा कॅन घेऊन तिथे जावं, ही अपेक्षा चुकीची आहे. ओला, सुका कचरा वेगळा करून २०१७पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या इंदूरला हे कॅन गोळा करायला गॅरेजच्या गल्ल्यांतून महिन्याला एक गाडी फिरवणं अशक्य नाही.

“गाडीचे पैसे कोण देणार?” नाना.

“आपण. बिलात वीस रुपये जास्त,” वहिनी.

“मी वीस लावले तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल,” भाऊ म्हणाले, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून गल्लीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी एकत्र लावायचे, आणि त्यांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेच्या झोन ऑफिसात द्यायचा, इथवर आलो. अर्ज मी लिहितोय. सह्या भाऊ गोळा करणार आहेत. शेजारच्या गॅरेजवाल्याशी त्यांचं बोलणं बंद आहे, तिथे नाना जातील.