पेस, पेसर्स आणि विझर्ड्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

‘वेगवान खेळल्याने आक्रमण आपोआप सुधारत नाही,’ हे माझ्या बास्केटबॉलवरच्या लेखातलं वाक्य तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं, की आकडेमोड करणाऱ्यांना मैदानावरची दमछाक कळत नाही. पळणारा संघ समोरच्याला दमवतो. शॉट क्लॉकच्या (शॉट घ्यायच्या मुदतीच्या घड्याळाच्या) पहिल्या काही सेकंदांतले शॉट जास्त आत जातात. आणि अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमधले इंडियाना पेसर्स याचा जिवंत पुरावा आहेत.

मग पेसर्सच घेऊ. 2023-24 मध्ये त्यांनी सामन्यामागे 123.3 गुण केले, एनबीएत सर्वाधिक. त्यांचा पेस, म्हणजे 48 मिनिटांच्या सामन्यात चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या (पझेशन), साधारण 102. पण त्याच हंगामात तेवढाच पळणारा दुसरा एक संघ होता, वॉशिंग्टन विझर्ड्स. त्यांनी 82 पैकी 15 सामने जिंकले. गुण सामन्यामागे 113.7, म्हणजे ऐकायला ठीकच. पण इतकी पझेशन हाताशी असताना दर शंभर पझेशनला जेमतेम 110-111 गुण. आणि त्या वर्षी आक्रमणात अव्वल कोण होतं? बोस्टन सेल्टिक्स. सामन्यामागे चार-पाच पझेशन कमी मिळूनही दर शंभराला 122 च्या वर. नुसत्या वेगात जादू असती, तर पेसर्स आणि विझर्ड्स यांच्यात एवढी तफावत पडली नसती.

याहून टोकाचं उदाहरण हवं असेल तर प्रशिक्षक पॉल वेस्टहेडचे 1990-91 चे डेन्व्हर नगेट्स बघा. सामन्यामागे 119.9 गुण, लीगमध्ये पहिला नंबर. खाल्ले 130.8. फिनिक्सने त्यांच्यावर एका सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच 107 गुण चढवले होते! हंगामात विजय 20. आणि पझेशनमागचे गुण काढले तर हे ‘सर्वाधिक गुणांचं’ आक्रमण लीगच्या सरासरीखाली जातं.

लवकर घेतलेले शॉट जास्त आत जातात, हे मात्र शंभर टक्के खरं. पण ते लवकर का मिळतात? चेंडू हिसकावला किंवा बचावातला रिबाउंड (समोरच्याच्या चुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू) मिळाला, समोरचे पाच जण अजून विखुरलेले, आणि तुमच्याकडे दोघांविरुद्ध तिघे असा पळ आहे. तो शॉट मुळातच सोपा असतो. बचाव नीट उभा राहिलेला असताना पाचव्या सेकंदाला हात उंचावून मारलेला शॉटही घड्याळाच्या हिशेबात ‘लवकर’च, पण त्याची किंमत तेवढी नाही. पेसचा आकडा दोघांना एकाच पोत्यात भरतो. शिवाय त्या आकड्यात प्रतिस्पर्ध्याने चेंडू किती वेळ खेळवला तेही मिसळलेलं असतं.

पेसर्सचं खरं कसब इथे होतं. समोरच्याने बास्केट केल्यावरही ते पळायचे. जाळीतून पडलेला चेंडू उंच खेळाडू तसाच झेलतो, बेसलाइनबाहेर (बास्केटमागच्या रेषेबाहेर) एक पाऊल, चेंडू खेळवणाऱ्या टायरीस हॅलिबर्टनकडे पास, आणि हॅलिबर्टन ड्रिबल करत बसत नाही, पुढच्या कोपऱ्याकडे धावणाऱ्याला लांब पास देतो. बचावपटू आपला माणूस शोधत असतानाच शॉट सुटलेला असतो. त्या हंगामात हॅलिबर्टनचे असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास) सामन्यामागे 10.9, लीगमध्ये सर्वाधिक, आणि टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेले चेंडू) अडीचच्याही आत. एवढ्या घाईत चेंडू न गमावणारा माणूस हाताशी असेल तर खुशाल पळा. विझर्ड्सकडे तो नव्हता.

दमछाकीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त अर्ध्यापुरतं. पळणारा स्वतःही दमतो. म्हणून तर पेसर्सचे प्रशिक्षक रिक कार्लाइल 2025 च्या प्लेऑफमध्येही (हंगामानंतरच्या बाद फेरीत) नऊ-दहा जण आलटून पालटून उतरवत होते. सहा-सात जणांच्या जिवावर असं पळून बघा, चौथ्या क्वार्टरला कोण कोणाला दमवतंय ते कळेल.

त्याच वर्षीच्या अंतिम फेरीचा पहिला सामना आठवत असेल. शेवटचे काही सेकंद, समोरचा ओक्लाहोमाचा संघ एका गुणाने पुढे, त्यांच्या शाई गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट चुकला, रिबाउंड इंडियानाकडे. कार्लाइलने टाइमआउट घेतला नाही. घेतला असता तर लीगमधला सर्वात चिवट बचाव जागेवर येऊन उभा राहिला असता. हॅलिबर्टनने चेंडू पुढे नेला, 0.3 सेकंद राहिले असताना शॉट आत, 111-110. त्या रात्री पेसर्सनी चेंडू गमवायला काही कमी केलं नव्हतं, आणि तोवर ते एकदाही आघाडीवर नव्हते. मी ज्याला कामाचा वेग म्हणतो तो हा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याकडच्या सामन्यांना हे लावायचं कसं. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होणारे सामने 40 मिनिटांचे, त्यामुळे एनबीएच्या पेसशी थेट तुलना नको, गुण दर शंभर पझेशनला काढा. पझेशनचा अंदाज सोपा आहे: एकूण शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंची (फाउलमुळे मिळालेल्या मोकळ्या शॉटची) 0.44 पट. अडचण एवढीच की अधिकृत स्कोअरशीटवर चुकलेले शॉट, रिबाउंड, टर्नओव्हर नोंदवतच नाहीत. त्यासाठी बाकावर वेगळी वही घेऊन कुणाला तरी बसवावं लागेल.